ठेक्यातल्या नऊ चुका

९ जानेवारी

ही वही खरं तर रियाजाच्या नोंदींसाठी आणली होती. पहिल्याच पानावर राग लिहावा लागतोय.

आज साहेबांनी स्टुडिओत ड्रम मशीन आणलं. साहेब म्हणजे आमचे संगीतकार. गेली एकोणीस वर्षं त्यांच्या जवळपास प्रत्येक गाण्यात ड्रमवर मी आणि बास गिटारवर माझा धाकटा भाऊ. मशीन म्हणजे टाइपरायटरएवढा डबा. वर सोळा बटणांची रांग आणि वेग कमीजास्त करायला एक गोल फिरकी. आत म्हणे खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेले आहेत. कुठल्या मात्रेवर काय वाजवायचं ते एकदा भरलं की डबा दिवसभर तेच वाजवतो. "न थकता, न चहा मागता," असं साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, नसतो हसलो तर बरं झालं असतं.

कारण मग साहेबांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि गेल्या महिन्यातलं आमचं गाणं लावलं. सुरुवातीला मिनिटाला एकशे चार ठोके. शेवटच्या ध्रुवपदात एकशे आठ. "दादा, चार ठोके पळालात," साहेब म्हणाले. "आता हे चालत नाही. लोकांच्या पायांना मशीनच्या ठेक्याची सवय लागलीये."

सगळ्यांसमोर! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय बोलतोय ते बोलून झाल्यावरच कळलं. म्हटलं, "एकच गाणं दोनदा करू. एकदा तुमचा डबा, एकदा मी. बाकी गाणं तेच. कुठलं कोणाचं ते न सांगता चार लोकांना ऐकवा आणि ते निवडतील ते ठेवा."

साहेब व्यवहारी माणूस. डायरी उघडून म्हणाले, "पंचवीस फेब्रुवारी. जे निवडतील ते रेकॉर्डवर, आणि वर्षभराची सगळी गाणी त्याचीच."

त्याची म्हणजे माझी, नाहीतर डब्याची. धाकट्याने टेबलाखालून माझा पाय दाबला होता, पण तोवर उशीर झाला होता.

१० जानेवारी

बायकोला सांगितलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजते, त्यामुळे मोजामोजीचं तिला काही कौतुक नाही.

"हरलात तर?"

"हरत नाही."

"हराल का असं नाही विचारलं. हरलात तर पुढे काय, ते विचारलं."

मी पेपर उघडला. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला ड्रम वाजवण्याखेरीज फक्त ड्रम दुरुस्त करता येत असतील, तर त्याने या प्रश्नाचं काय उत्तर द्यावं?

१२ जानेवारी

ठरलेल्या वेगाने टकटक करणारा मेट्रोनोम आणला. लाकडी आहे, काटा इकडून तिकडे झुलतो. अडगळीच्या खोलीतली खोकी माळ्यावर टाकली, समोरच्या स्नेअर ड्रमवर टॉवेल घातला, पायाने वाजवायच्या किक ड्रमच्या पोटात उशी कोंबली. सकाळी सहा ते आठ, आणि रेकॉर्डिंग नसेल त्या दुपारी दोन ते पाच.

पहिल्याच दिवशी कळलं की साहेब खोटं बोलत नव्हते. ध्रुवपद आलं रे आलं की मी काट्याला मागे टाकून पळतो. एकोणीस वर्षं हे मला कोणी सांगितलं नाही. की सांगितलं आणि मीच ऐकलं नाही? धाकट्याला विचारलं तर म्हणतो, "तू पळतोस तेव्हा मीही पळतो, दादा. सगळेच पळतात. गाणंच पळतं ना तिथे." हे काय उत्तर झालं?

१६ जानेवारी

आज जुन्या गाण्यांच्या फिती घेऊन बसलो आणि शत्रूच्या कानाने ऐकल्या. माझ्या हातात नऊ चुका निघाल्या. एका कागदावर नीट लिहून काढल्या, कुठे होते आणि साधारण किती, त्यासकट. दुसऱ्या मात्रेवरचा स्नेअर मी केसभर उशिरा मारतो, चौथीवरचा मात्र वेळेवर. ध्रुवपदाच्या आधी डावा हात क्षणभर अडतो आणि ती कसर भरून काढायला मी पुढे धावतो. गायक श्वास घेतो तिथे उगाच दोन हलके ठोके टाकतो, जे कोणी मागितलेले नसतात. शेवटच्या अंतऱ्यात किक जड होते. या हातांवर मी घर चालवलं!

कागद धाकट्याला दिला. "तू शेजारी उभा असतोस. यातली एक जरी दिसली तरी तिथल्या तिथे सांग. दयामाया नको."

त्याने दोनदा वाचला. "हा ठेवून घेऊ?"

"त्यासाठीच दिलाय."

तो बराच वेळ कागद हातात धरून बसला होता. त्याला माझी कीव आली असणार.

२० जानेवारी

धाकट्याने फारच मनावर घेतलंय. तो वरच्या मजल्यावर एकटा राहतो, जेवायला आमच्याकडे असतो. आज जेवताना विचारतो, "दुसरी मात्रा उशिरा मारतोस ती प्रत्येक वेळी सारखीच उशिरा? की गाणं हळू असेल तर जास्त?"

मी ताट बाजूला सारलं आणि चमच्याने टेबलावर वाजवून दाखवलं. मग ते दोन हलके ठोके. मग डाव्या हाताचं अडणं. तो त्याच कागदाच्या मागे लिहीत होता. बायको म्हणाली, "भाऊजी, परीक्षा तुमची आहे की यांची?" तर असा दचकला की पाण्याचा ग्लास कलंडला. माझ्या परीक्षेची धास्ती माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आहे.

२४ जानेवारी

सकाळी बाजारात गेलो. हल्ली कान बंद ठेवता येत नाहीत. चपलांच्या दुकानात, सलूनमध्ये, उभ्या असलेल्या एका मोटारीत, तीन ठिकाणी तीन गाणी, आणि तिन्हींत टाळीचा तोच एक आवाज. ही टाळी कोणत्याच हातांची नाही. डब्याची आहे. त्या मोटारीच्या काचा किकच्या ठोक्याबरोबर थरथरत होत्या. वर्षभरापूर्वी एखाद्या गाण्यात डबा ऐकू आला तर आम्ही एकमेकांना दाखवायचो, अरे ऐक ऐक म्हणून. आता ज्यात नाही ते दाखवावं लागेल.

गाण्यांची तऱ्हाच बदलली आहे. ध्रुवपद आलं तरी लय जागची हलत नाही. गायक आधी थोडं रेंगाळायचे, आम्ही त्यांना सांभाळून घ्यायचो. आता डबा आधी रेकॉर्ड होतो आणि बाकी सगळे त्याच्यामागून एकेक येऊन आपापली वाद्यं चिकटवून जातात. पूर्वी हॉलमध्ये आम्ही बाराजण एकदम वाजवायचो.

आणि ही वही खाजगी आहे म्हणून लिहितो. सलूनमधलं गाणं मला आवडलं. त्यातला ठेका माणसासारखा वाजायचा प्रयत्नच करत नव्हता. डबा डब्यासारखा वाजत होता आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा पाय हलत होता. माझाही हलला. लगेच थांबवला.

२९ जानेवारी

बायकोने धाकट्याचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात कागद. सोळा-सोळा चौकोनांच्या ओळी, काहींत टिंबं, शेजारी बारीक आकडे. मी म्हटलं, शब्दकोडी सोडवत असेल, एकट्या माणसाला वेळ जात नाही. ती म्हणाली, "कोड्यात अक्षरं असतात. यात एकही नाही." मग आकड्यांची कोडी असतील. तिने तो कागद माझ्यापुढे बराच वेळ धरून ठेवला होता. मला रियाजाला उशीर होत होता.

२ फेब्रुवारी

धाकटा सकाळी खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "दादा, एक सांगायचं होतं."

मी काट्यावर होतो. सलग दोनशे मात्रा बिनचूक झाल्या होत्या. हाताने थांब म्हणून खूण केली. तीनशेला बघितलं तर तो गेला होता. महत्त्वाचं असेल तर परत येईल.

७ फेब्रुवारी

एकशे चारला सुरू, एकशे चारला शेवट. पूर्ण गाणं. मी स्टॉपवॉच तीनदा लावलं.

बायकोला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "छान. आता घास मोजून चावणं थांबवा. काल बत्तीस मोजलेत, बोटाने, ताटावर." मला यातलं काही आठवत नाही.

१२ फेब्रुवारी

आमच्या रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणतात. शेजारच्या खोलीत टाचणी पडली तर ती कुठल्या कंपनीची ते सांगेल. त्याला आज माझी घरची फीत ऐकवली. त्याने डोळे मिटून ऐकली. संपल्यावर चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"कशी आहे?"

"बिनचूक आहे, दादा."

"नऊच्या नऊ गेल्या ना?"

"एकही नाही राहिली."

त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला. त्याच्यासारख्या माणसाला भारून टाकायचं म्हणजे गंमत नाही. मी विचारलं, डब्यात ठेका कोण भरतंय? म्हणाला, "साहेब बघतायत." म्हणजे बाहेरून कोणी तज्ज्ञ आणला असणार. आणू दे.

१७ फेब्रुवारी

धाकट्याशी भांडण झालं.

आज त्या गाण्याची तालीम होती, मी आणि तोच. अर्ध्यात त्याने गिटार खाली ठेवली. "दादा, जरा सैल वाजव की. मला कुठे टेकताच येत नाहीये."

"कशाला टेकायचं? मी जागच्या जागी आहे. तू हलतोयस."

"तेच तर. तू आधी असा नव्हतास."

"आधी मी चुकत होतो. कागद तुझ्याकडेच आहे."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "त्या कागदाबद्दलच बोलायचंय, ऐकून तरी घे." मी म्हटलं, आता सल्ले नकोत, आठ दिवस राहिलेत, तुला माझी बाजू घ्यायची असेल तर मुकाट्याने वाजव. त्याने मुकाट्याने वाजवलं. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ रेषेत गेलं आणि तो माझ्याकडे न बघता निघून गेला.

मला वाटतं त्याला माझा हेवा वाटतो. हे लिहायला नको होतं. पण वाटतं.

२० फेब्रुवारी

झोप नाही. डोळे मिटले की काटा.

२१ फेब्रुवारी

माझी फीत झाली. एकाच दमात, पहिल्याच प्रयत्नात. साहेबांनी घड्याळ लावलं. एकशे चार, एकशे चार, शेवटी एकशे चार. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "दादा, मानलं," म्हणाले.

गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदा पोट भरून जेवलो.

२५ फेब्रुवारी

जमेल तसं क्रमाने लिहितो.

सकाळी अकराला हॉलमध्ये पाच जण आले. गाणं ज्यांनी गायलंय त्या बाई, निर्माता, रेकॉर्डच्या दुकानाचा मालक, नाच शिकवणारी एक शिक्षिका आणि रेडिओवरचा एक निवेदक. मी, धाकटा, साहेब आणि कानसेन काचेच्या आत. दोन्ही फितींत बाईंचाच आवाज, धाकट्याचाच बास, त्या त्या ठेक्यावर वेगळे घेतलेले, पण चाल तीच, बाकी सारं तेच. फक्त ड्रम वेगळे. आवाजावरून ओळखू नये म्हणून माझे ड्रम पट्ट्या लावून डब्यासारखेच कोरडे केले होते.

पहिली फीत माझी. मी स्वतः ऐकली आणि मनात म्हटलं, याच्यात खोट काढून दाखवा.

मग दुसरी लागली. चार मात्रा झाल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसरीवरचा स्नेअर केसभर उशिरा. चौथी वेळेवर. मला वाटलं कानसेनने चुकून माझी जुनीच फीत लावली. पण गाणं नवीन होतं, मी ते असं कधीच वाजवलं नव्हतं. बाईंनी श्वास घेतला आणि तिथे दोन हलके ठोके पडले. ध्रुवपदाच्या आधी डावा हात अडला. कोणाचा डावा हात? डब्याला कुठे आलाय डावा हात? मग ध्रुवपद पळालं, आणि काचेपलीकडे निर्माता, जो कधी कशाला मान डोलवत नाही, त्याने मान डोलवली.

मी धाकट्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

शिक्षिकेने पहिली निवडली, मुलींना पावलं मोजायला सोपी म्हणून. बाकी चौघांनी दुसरी. दुकानदार म्हणाला, "पहिली स्वच्छ आहे, पण एकदाच ऐकेन." निवेदकाने विचारलं, "पहिली मशीन आहे ना? कळतं लगेच." साहेबांनी त्याला दुरुस्त केलं नाही. पडत्या फळाची आज्ञा घेतल्यासारखे "ठीक, दुसरी" म्हणाले आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेले. खरं सांगण्यात त्यांचा काय फायदा?

जाताना बाईंनी आत येऊन माझा हात हातात घेतला. "दुसरी तुमचीच. पहिल्या फितीत माझा श्वास ऐकणारं कोणीच नव्हतं. मला नाही हो फसवता येत."

मी "बरं" म्हणून हात सोडवून घेतला.

२६ फेब्रुवारी

धाकट्याला वर जाऊन विचारलं. ओरडणार होतो, पण दार त्यानेच उघडलं आणि ते राहून गेलं.

"साहेबांनी मलाच सांगितलं होतं भरायला," तो म्हणाला. "नाहीतर बाहेरचा माणूस आणतो म्हणाले, आणि मग बासही मशीनमध्येच घेतो. मी दोनदा तुला सांगायला आलो."

"आणि माझा कागद?"

"मी दुसरं काय भरणार होतो? मला दुसरा ड्रमर येतोच कुठे?"

मग त्याने सगळं दाखवलं. डबा चौपट वेगाने पळवायचा, म्हणजे एकेका मात्रेचे बारीक तुकडे मिळतात. त्यातल्या पुढच्या तुकड्यावर उशिराचा ठोका ठेवायचा. ध्रुवपद आलं की वेगाची फिरकी बोटाने केसभर पुढे सरकवायची. एका गाण्याला त्याला एकोणीस दिवस लागले. चौकोनांच्या कागदांचा हा गठ्ठा.

"मला वाटलं, दोन्हीकडे तूच असलास तर हरशील कसा?" तो म्हणाला. "तू तुझ्यासारखा वाजवशील असं धरून चाललो होतो मी."

मी खाली आलो. त्याला माफ केलं नाही. पण तो खोटं बोलत नव्हता, हेही खरं.

२७ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "तो कागद मी तुमच्या नाकासमोर धरला होता." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? "बोलले असते तर मोजणं थांबवलं असतंत?"

ती लॅबला गेल्यावर मी खोलीत जाऊन रडलो.

१ मार्च

साहेबांचा फोन. मी उचलणारच नव्हतो.

बाई नव्या गाण्याला मशीन नको म्हणून अडून बसल्यात. त्यांना दुसऱ्या फितीवरचा दादा हवा. नाहीतर गाणार नाहीत. साहेब म्हणाले, "त्यांना खरं सांगून माझं काम बिघडवायचं नाहीये मला. तुम्ही नऊ तारखेला या. पण तसं वाजवा, दादा. परवासारखं नको. तसं वाजलं तर बाईंची यापुढची सगळी गाणी तुमची."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर मी मशीन लावतो आणि बाईंना काचेतून तुम्ही नुसते ड्रमवर बसलेले दिसलात म्हणजे झालं, पण ते एकदाच."

२ मार्च

मला वाटलं, यात काय अवघड आहे. चुका तर करायच्या आहेत. मेट्रोनोम माळ्यावर टाकला आणि बसलो. दुसरी मात्रा मुद्दाम उशिरा मारली. ती उशिरा लागली, पण केसभर नाही, लंगडल्यासारखी. ध्रुवपदाला पळायचं ठरवलं तर ठोकर लागल्यासारखा धडपडलो. न ठरवता वाजवलं तर एकशे चार. पुन्हा पुन्हा एकशे चार.

सात आठवड्यांत मी काय काढून टाकलं ते आज कळलं. भीती वाटली. खरी भीती, पंचवीस तारखेपेक्षा मोठी. तेव्हा फक्त खुर्ची जाणार होती.

४ मार्च

तेच. सकाळी दोन तास, दुपारी तीन तास. तेच.

५ मार्च

शेवटी वर गेलो. धाकटा गिटारच्या तारा बदलत होता. मी म्हटलं, "मला जमत नाहीये."

त्याने काय जमत नाही असं विचारलं नाही. तार तशीच सोडून उठला आणि स्टुडिओतून डबा घेऊन आला, साहेबांना न विचारता. अडगळीच्या खोलीत माझ्या स्टुलाशेजारी ठेवला. हेडफोन माझ्या कानाला लावले.

"याच्याबरोबर वाजव. पुढे जाऊ नकोस, मागे राहू नकोस. त्याला धरून चाल."

मी वाजवू लागलो. माझ्या एकोणीस वर्षांच्या हाताला मी धरून चाललो होतो आणि तो माझ्या पुढे पुढे जात होता. ध्रुवपदाला चुकलो. धाकटा म्हणाला, "परत." तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. पहिल्यांदा स्टुलावर बसवून त्याला ठेका मी शिकवला होता, तेव्हा मीही असंच "परत" म्हणायचो. राग यायला हवा होता. आला नाही. फार थकलो होतो.

७ मार्च

दहा वेळा वाजवलं की तीनदा जुळतं. डबा बंद केला की पुन्हा काटा. धाकटा म्हणतो, येईल. त्याच्या तोंडावरून त्याला खात्री आहे असं दिसत नाही.

८ मार्च

दहातले सहा. डब्याशिवाय, एकही नाही. धाकट्याने दिवसभर बसून, मागच्याच कागदांच्या आधाराने, नव्या गाण्याचा ठेका डब्यातून फितीवर घेतला, फिरकी हाताने फिरवत. कशासाठी ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही. कानसेनला फक्त त्याने फोन केला.

९ मार्च

रेकॉर्डिंग झालं.

दहाला पोचलो. बाई आधीच आलेल्या. मला बघून त्यांनी साहेबांना सांगितलं, "आता बघा गाणं कसं होतं." मी स्टुलाची उंची उगाच दोनदा बदलली. कानसेनने माझ्यापुढे हेडफोन ठेवले आणि नजर न मिळवता काचेच्या आत गेला. हेडफोन सगळ्यांनाच होते. माझ्या हेडफोनमध्ये डब्याची फीत लावलीये, हे तिघांनाच माहीत होतं.

पहिल्या प्रयत्नात अंतऱ्यातच सुटलो. साहेबांनी घड्याळ खिशात घातलं, बाहेर काढलं. दुसऱ्यात ध्रुवपदापर्यंत गेलो आणि डावा हात अडायच्या जागी अडलाच नाही. धाकट्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. बाई म्हणाल्या, "सावकाश, दादा. घाई कुठे आहे?"

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले आणि कानात जे वाजत होतं त्याच्यामागून गेलो. कुठे पोचतोय ते बघितलं नाही. बाईंनी श्वास घेतला, कानात दोन ठोके पडले, माझ्या हातांनीही दोन पडले. ध्रुवपद पळालं. धाकटा माझ्याबरोबर पळाला, बाई पळाल्या, सगळेच. शेवटचा ठोका विरेपर्यंत हॉलमध्ये कोणी हललं नाही.

बाई हेडफोन काढून टाळ्या वाजवत आल्या. "हाच! हाच तो हात. मी म्हटलं नव्हतं?" साहेबही हसले, मनापासून. तिथल्या तिथे पुढच्या तीन गाण्यांच्या तारखा दिल्या.

मला आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्हींत जास्त काय, ते ठरवायचा प्रयत्न केला नाही. माझे कान अजून झाकलेले होते, हेडफोन काढायचं लक्षातच आलं नव्हतं. धाकट्याने येऊन ते हलकेच काढले आणि वायर गुंडाळता गुंडाळता, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "मशीन साहेबांना परत करू ना आता?"

मी म्हटलं, "राहू दे घरी. अजून थोडे दिवस."